किती महिने झाले? दिवस राहत नसतील तर डॉक्टरकडे कधी जायचं

डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती दिवस झाले ट्राय करताय?" आणि आम्ही दोघं एकदमच बोललो. मी म्हणालो सात-आठ महिने, बायको म्हणाली चौदा. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कागदावर चौदा लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेल्या. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं की चौदा कुठून काढलेस, तर म्हणाली, "चौदा वेळा पाळी आली ना." माझ्या हिशोबात ते 'मध्यंतरी कधीतरी सुरू केलं' असं होतं आणि तिच्या मोबाईलच्या कॅलेंडरवर चौदा लाल ठिपके होते.

तर हा लेख त्या हिशोबाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, पण या सगळ्यातून गेलोय, त्या काळात डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून वैताग आणलाय, आणि हे आधीच कोणी साध्या मराठीत सांगितलं असतं तर आमचे किमान आठ महिने वाचले असते असं मला अजून वाटतं. ते आठ महिने कोणामुळे गेले ते पुढे येईलच.

आपल्याला वयात आल्यापासून भीती कशाची दाखवलेली असते, तर चुकून राहण्याची. एकदा काळजी घेतली नाही की संपलंच, असं डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे काळजी घेणं थांबवलं की पुढच्या महिन्यात दोन रेघा येणारच असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विशीतलं किंवा नुकतंच तिशीत आलेलं, सगळं व्यवस्थित असलेलं जोडपं घेतलं तरी एका महिन्यात दिवस राहायचा चान्स साधारण २० ते २५ टक्केच असतो. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना पाचातले चार महिने पाळी येणार. तिसऱ्या महिन्यात "आपल्यातच काहीतरी प्रॉब्लेम आहे" म्हणून रात्र रात्र सर्च करत बसणाऱ्यांनी हा आकडा आधी लिहून ठेवावा.

आता वर्षभर थांबा असं का सांगतात ते बघू, कारण मला सुरुवातीला वाटायचं की हा डॉक्टर लोकांनी अंदाजपंचे ठरवलेला आकडा आहे. समजा १०० जोडपी एकाच महिन्यात सुरू झाली आणि सगळ्यांचा चान्स महिन्याला २० टक्के आहे. पहिल्या महिन्यात २० जणांकडे गोड बातमी, उरलेल्या ८० मधून दुसऱ्या महिन्यात १६, असं करत करत सहा महिन्यांनी २६ च्या आसपास उरतात आणि वर्षाच्या शेवटी कागदावरच्या गणितात ७. खऱ्या जगात मात्र वर्षानंतर ७ नाही तर १५ ते २० उरतात. का, तर सगळ्यांचा चान्स सारखा नसतोच. ज्यांचा चांगला असतो ते पहिल्या काही महिन्यांत यादीतून बाहेर पडतात, आणि मागे जे राहतात त्यात असे लोक जास्त असतात ज्यांचा दर महिन्याचा चान्स मुळातच काही ना काही कारणाने कमी आहे. बारा महिने म्हणजे चाळणी आहे एका अर्थाने. चौथ्या महिन्यात सगळ्यांच्या तपासण्या सुरू केल्या तर धडधाकट लोकांना उगाच सुया टोचल्या जातील, आणि तीन वर्षं 'होईल होईल' करत बसलं तर ज्याला खरंच उपचार हवाय त्याची वर्षं फुकट जातील.

वर्ष उलटलं म्हणजे दार बंद झालं असं अजिबात नाही हं, उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात काही न करताही राहतात. फक्त आपण कुठल्या निम्म्यात आहोत हे तपासल्याशिवाय कळत नाही, एवढाच मुद्दा आहे. आणि आपण एकटेच आहोत असं वाटत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अंदाज असा आहे की जगात सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावं लागतं.

हा एक वर्षाचा नियम बाईचं वय ३५ च्या आत असेल तर. ३५ च्या पुढे सहा महिने, आणि ४० च्या पुढे असाल तर थांबूच नका, ठरवलंत की आधी जाऊन भेटा. पस्तिसाव्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता काही बटण बंद होत नाही, उतार आधीच सुरू झालेला असतो, तिथून पुढे तो जास्त तीव्र होतो इतकंच. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, आणि अख्ख्या आयुष्यात बाहेर किती पडतात तर चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात, तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घ्या, गरोदर असा, काहीही करा, विरायची थांबत नाहीत. नवीन बीज तयार होत नाही, त्यामुळे ३८ वर्षांच्या बाईचं बीजही ३८ वर्षांचंच असतं, मग ती रोज दहा किलोमीटर पळत असो आणि पंचविशीची दिसत असो. जुन्या बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकायचं प्रमाण वाढतं, म्हणून दिवस राहायला वेळ लागतो आणि राहिले तरी गर्भपात जास्त होतात. चाळिशीला महिन्याचा चान्स ५ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि वरचंच गणित लावून बघा, ५ टक्क्यांनी वर्षभर प्रयत्न केले तरी अर्ध्याहून जास्त जणींना राहत नाहीत. आयव्हीएफ (बीज बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करणं) आहे ना, करू नंतर, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो की आयव्हीएफ स्वतःच्या बीजाने केलं तर त्यालाही तेच वय लागू असतं. पुरुषांचं वय वाढल्यावरही फरक पडतो पण इतका झपाट्याने नाही.

काही जणांनी वर्षाचाही नाही आणि सहा महिन्यांचाही नियम पाळायचा नाही, सरळ जायचं. पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल, २१ च्या आत येत असेल, किंवा दोन-दोन तीन-तीन महिने गायबच होत असेल, तर बीज बाहेर पडतच नाहीये किंवा क्वचित पडतंय असं समजायला जागा आहे, मग बारा महिने थांबून बारा चान्स मिळतच नाहीत, चार-पाच मिळतात फार तर. पाळीत इतकं दुखतं की दरवेळी सुट्टी घ्यावी लागते, संबंधाच्या वेळी आत खोलवर कळ येते, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो आणि तो 'सगळ्यांनाच दुखतं' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. पूर्वी ओटीपोटात इन्फेक्शन झालंय, ट्यूबमध्ये (बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीत) गर्भ राहिला होता, अंडाशयाचं ऑपरेशन झालंय, केमोथेरपी झालीय, किंवा दोन किंवा जास्त वेळा गर्भपात झालाय, तरी थांबू नका. पुरुषांमध्ये लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं म्हणून ऑपरेशन झालं असेल, वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषण सुजलं असेल, तरीही तसंच. आणि एक गोष्ट जी केबिनमध्ये शिरूनही लोक बोलत नाहीत, ती म्हणजे संबंध नीट होतच नाहीयेत. आत जाताच येत नाही इतकं दुखतं, किंवा आयत्या वेळी ताठरता जाते, किंवा वीर्य बाहेर येत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि यावर उपचार आहेत, पण ते न सांगता हॉर्मोनच्या तपासण्या करत बसलात तर रिपोर्ट सगळे नॉर्मल येतील आणि तुम्ही तिथेच.

आता टायमिंग. यात जितका गोंधळ आहे तितका दुसऱ्या कशात नसेल. बीज बाहेर पडल्यावर जगतं फक्त १२ ते २४ तास. शुक्राणू मात्र आत गेल्यावर पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे कामाचे दिवस म्हणजे बीज सुटायच्या आधीचे पाच आणि तो दिवस, एकूण सहा, आणि त्यातही आधीचे दोन दिवस सगळ्यात भारी. गाडी यायच्या आधी प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं असतं, सुटल्यावर पळून उपयोग नाही.

मग हा दिवस कुठला? सगळे सांगतात चौदावा. चौदावा फक्त २८ दिवसांच्या पाळीला. पाळी सुरू झाल्यापासून बीज फुटेपर्यंतचा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो, पण बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला, साधारण १२ ते १४ दिवस. म्हणून पुढून नाही, मागून मोजायचं. ३५ दिवसांची पाळी असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास, २४ दिवसांची असेल तर दहाव्या. माझ्या एका मित्राने जवळजवळ दोन वर्षं 'बारा ते सोळा' हे दिवस इतक्या इमानदारीत पाळले की बाहेरगावची कामं पुढे ढकलायचा, आणि त्याच्या बायकोची पाळी होती ३४-३५ दिवसांची. सोळाव्या दिवशी हे दोघं "झालं आपलं काम" म्हणून निवांत व्हायचे आणि खरे दिवस सुरूच त्यानंतर व्हायचे.

ओव्ह्युलेशन किट मिळतात, त्या लघवीतलं एलएच नावाचं हॉर्मोन बघतात, ते एकदम वाढलं की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटायची शक्यता असते. चांगल्या आहेत, पण पीसीओडी (हॉर्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल तर एलएच मुळातच चढा असू शकतो आणि किट रोजच हो म्हणत बसते. सकाळी उठल्या उठल्या टेंपरेचर घेण्याची पद्धतही आहे, पण टेंपरेचर वाढतं बीज सुटून गेल्यावर, म्हणजे त्या महिन्यापुरती ती गेलेल्या गाडीची वेळ सांगते. त्यापेक्षा अंगावरून जाणाऱ्या स्रावाकडे लक्ष द्या, तो कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, ताणला तर लांबणारा झाला की दिवस जवळ आले.

आणि खरं सांगू का, हे सगळं करायचा कंटाळा असेल तर दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवा, बस झालं, दिवस आपोआप सापडतो. 'साठवून ठेवू म्हणजे जोर येईल' हा गैरसमज आहे, जास्त दिवस साठवलेल्या वीर्यात हालचाल न करणारे शुक्राणू वाढतात. नंतर पाय भिंतीला लावून अर्धा तास पडून राहायची गरज नाही, जे पोचायचे ते काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडाशी पोचलेले असतात, बाकीचं बाहेर येतंच. वंगणासाठी जी जेली वापरतात त्यातल्या बऱ्याच शुक्राणूंना मानवत नाहीत, तेवढं मात्र बघून घ्या. आमच्याकडे एका टप्प्याला तिचा मेसेज यायचा, "आज लवकर ये, किट पॉझिटिव्ह आहे," आणि तो वाचून मला मीटिंगचं नोटिफिकेशन आल्यासारखं वाटायचं. हे होतं. सगळ्यांचंच होतं.

आता माझा भाग.

पहिल्याच भेटीत मॅडमनी दोन कागद दिले होते, एक तिच्या तपासण्यांचा आणि एक माझ्या वीर्यतपासणीचा. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, एका महिन्यात नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी फॉलिकल (बीज वाढतं ती पिशवी) बघायला सोनोग्राफी झाल्या, ट्यूब उघड्या आहेत का ते बघायचा एक्स-रे झाला आणि त्या दिवशी ती पोट धरून घरी आली, मग गोळ्या सुरू झाल्या, आणि एवढ्या सगळ्या आठ महिन्यांत माझा कागद पाकिटात घडी घालून पडून होता. का, तर मला काय झालंय! सगळं तर व्यवस्थित चालतंय. हे 'व्यवस्थित चालतंय' आणि शुक्राणूंची संख्या यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, वीर्य दिसायला कसं आहे त्यावरूनही काही कळत नाही, कारण वीर्यात शुक्राणूंचा भाग अगदीच थोडा असतो. मूल न राहणाऱ्या जोडप्यांमध्ये साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीला असतंच, आणि सगळ्या तपासण्यांमध्ये ही एकच अशी आहे की जिच्यात सुई नाही, दुखणं नाही. तरी ती सगळ्यात शेवटी होते.

तर ती कशी करतात ते सांगतो, म्हणजे कोणाचा कागद पाकिटात राहायला नको. दोन ते सात दिवस वीर्य बाहेर गेलेलं नको, कमी नको आणि जास्तही नको. नमुना तिथल्याच खोलीत देता येतो, किंवा घरून न्यायचा असेल तर तासाभरात पोचला पाहिजे आणि गार व्हायला नको. मी घरून नेला, डबी शर्टाच्या आत छातीशी धरून, आणि एका सिग्नलला इतका वेळ गेला की मी त्या ९० सेकंदांत तीनदा घड्याळ बघितलं असेल. काउंटरवरच्या मुलाने मात्र रक्ताची बाटली घ्यावी तशी ती घेतली, नाव विचारलं, वेळ लिहिली, संपलं. आठ महिने मी या दीड मिनिटाला घाबरत होतो.

रिपोर्टवर जे आकडे येतात ते वाचताना एक ध्यानात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलप्रमाणे खालची मर्यादा अशी आहे: एका मिलीलीटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, आणि नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. '९० टक्के ॲबनॉर्मल' वाचून माझ्यासारखी झोप घालवू नका, बहुतेकांचं तसंच असतं. आणि हे आकडे पास-नापासाचेही नाहीत, ज्यांच्या बायकोला वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांमधल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ती रेषा आहे, म्हणजे त्याच्या खाली असूनही बाप झालेले लोक आहेत आणि वर असूनही न झालेले. एका रिपोर्टवर निकाल लावायचाच नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आजचा रिपोर्ट ही तेव्हाची बातमी असते, मध्ये सणकून ताप येऊन गेला असेल तर काउंट पडलेला दिसणारच. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात, आणि औषधाचा किंवा सवय बदलल्याचा परिणामही तेवढ्यानेच दिसतो.

माझा काउंट कमी होता, दोन्ही वेळा. कारण निघालं व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगलेल्या, त्यामुळे तिथलं तापमान वाढतं. शंभरातल्या पंधरा पुरुषांना ते असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काही त्रासही होत नाही, ज्यांच्या हाताला शिरा लागतात आणि रिपोर्टही खराब आहे त्यांना ऑपरेशनचा विचार करायला सांगतात. जिमला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो: टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की बाहेरून हॉर्मोन आलं म्हणून मेंदू वृषणाला कामच सांगत नाही, आणि काउंट अगदी शून्यावर जाऊ शकतो. 'मर्दानगी' वाढवायचं इंजेक्शन आणि काउंट शून्य, ही गंमत मला कोणीही आधी सांगितली नव्हती. ते बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो पण महिने लागतात. आणि रिपोर्टवर शून्य आलं म्हणजेही सगळं संपलं नाही, कधी शुक्राणू आत तयार होत असतात आणि रस्ता बंद असतो, मग ते सुईने थेट वृषणातून काढता येतात. यासाठी युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे (पुरुषांच्या या त्रासांचा डॉक्टर) जायचं, बायकोच्या गायनॅकने दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या खात बसायचं नाही.

बायकांच्या तपासण्यांबद्दल दोन-तीनच गोष्टी, ज्यावरून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात. एक म्हणजे एएमएच, रक्तातल्या एका हॉर्मोनचा रिपोर्ट. तो बीजांचा साठा अंदाजे किती आहे ते सांगतो, बीज चांगलं आहे का ते नाही. आयव्हीएफच्या इंजेक्शनना किती बीजं तयार होतील हे ठरवायला तो कामाचा आहे, पण नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या बाईला दिवस राहतील का हे त्यावरून सांगता येत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका, आधी वंध्यत्वाचा इतिहास नाही, त्यात एएमएच कमी असलेल्यांना आणि नॉर्मल असलेल्यांना दिवस राहायचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. महिन्याला एकच बीज लागतं ना शेवटी. तरी कमी एएमएचचा रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या मुली मी वेटिंग रूममध्ये बघितल्यात. अर्थात वर्षभर होऊन गेलंय आणि एएमएचही कमी आहे तर पुढचा निर्णय लवकर घ्या, एवढा त्याचा अर्थ आहे.

दुसरी, एकविसाव्या दिवसाची प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनची तपासणी. बीज सुटलं का हे त्यावरून कळतं, पण एकविसावा दिवस पुन्हा २८ च्याच पाळीला, तुमची पाळी ३५ ची असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी करायला हवी, पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी. चुकीच्या दिवशी केलेल्या तपासणीवरून 'बीज फुटत नाही' असा शिक्का बसलेल्या बायका आहेत. तिसरी ट्यूबची, एचएसजी, पाळी थांबल्यावर आणि बीज सुटायच्या आधी करतात, गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे. दुखते. सगळ्यांना सारखी नाही, पण आधी पेनकिलर घ्यायची का हे विचारून जा. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या हॉर्मोनची साधी रक्ततपासणी आणि बिघाड निघाला तर गोळीने सुधारणारा, म्हणून ती सुरुवातीलाच करून घ्या. फायब्रॉईड (गर्भाशयातली साधी गाठ) निघाला म्हणजे लगेच ऑपरेशन असंही नाही, गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत घुसलेला असेल तर तो त्रासाचा.

आणि कितीतरी जोडप्यांना, चार-सहात एकाला म्हणा, सगळं तपासून शेवटी सांगितलं जातं की कारण सापडत नाही. ऐकायला सगळ्यात वाईट हेच वाटतं, कारण भांडायला शत्रूच नाही. पण त्याचा अर्थ आत्ताच्या तपासण्यांना दिसत नाही इतकाच, आणि कारण न कळताही उपचार लागू पडतात.

इथे ते सुप्रसिद्ध वाक्य येतं. "टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल." मला या वाक्याचा राग आहे, कारण त्यात न होण्याचा दोष गुपचूप बाईवर टाकलेला असतो, तू टेन्शन घेतेस म्हणून. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितले होते, साडेतीन हजारांवर बायका, आणि आयव्हीएफसारख्या उपचारांच्या आधी असलेल्या ताणाचा त्या फेरीत दिवस राहण्या-न राहण्याशी संबंध दिसला नाही. 'त्यांनी नाद सोडला आणि लगेच राहिलं' अशा गोष्टी सगळ्यांकडे असतात, कारण नाद सोडला आणि नाही राहिलं त्यांची गोष्ट कोण सांगतंय? ताण कमी करा, जरूर करा, समुपदेशकाकडे जा, पण आपलं आयुष्य बरं चालावं म्हणून.

उपचारांचं थोडक्यात. बीजच फुटत नसेल तर गोळ्यांपासून सुरुवात होते, पीसीओडीत आता लेट्रोझोल पहिलं देतात. ती मुळात स्तनाच्या कॅन्सरची गोळी आहे, त्यामुळे पाकिटातला कागद वाचून घाबरून फोन करणाऱ्या खूप असतात. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात जुन्या क्लोमिफेनपेक्षा तिने जास्त जणींना बाळ झालं, २७.५ टक्के विरुद्ध १९.१. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरवल्यावरही बऱ्याच जणींची पाळी रुळावर येते. आययूआय म्हणजे वीर्य धुऊन चांगले शुक्राणू योग्य दिवशी गर्भाशयात सोडणं, साधं काम आहे, पण एका वेळचा चान्स फार मोठा नाही आणि ट्यूब बंद असतील तर उपयोगच नाही. आयव्हीएफ मुळात बंद ट्यूबवरचाच उपाय, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन, तिच्या आईच्या ट्यूब बंद होत्या. शुक्राणू फार कमी असतील तर एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडतात, ती इक्सी, १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी त्यातून पहिली बाळं जन्मल्याचं जाहीर केलं, आमच्यासारख्यांची सोय.

आयव्हीएफमध्ये जाताना गाळणीची मानसिक तयारी ठेवा. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग समजा बारा बीजं निघाली, त्यातली नऊ पक्व, सहा-सातांचा गर्भ झाला, पाचव्या दिवसापर्यंत तीन टिकले, आणि प्रत्येक फोनला आकडा कमी होत जातो. हे बिघडलेलं नसतं, असंच असतं. ३५ च्या आत एका ट्रान्सफरला (गर्भ एकदा गर्भाशयात सोडल्यावर) दिवस राहायचा चान्स चाळीस टक्क्यांच्या आसपास, चाळिशीनंतर तो झपाट्याने उतरतो. एका वेळी दोन-तीन गर्भ सोडा म्हणून हट्ट करू नका, जुळ्या-तिळ्यांमध्ये बाळं वेळेआधी होतात आणि आईलाही धोका. इंजेक्शनं चालू असताना किंवा बीजं काढल्यावर पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली, धाप लागायला लागली तर सकाळची वाट न बघता कळवा.

पहिलं मूल सहज झालं होतं आणि दुसऱ्याला राहत नाहीये, त्यांनाही हेच नियम. मधल्या काळात वय वाढलंय, कधी बाळंतपणात इन्फेक्शन होऊन गेलंय, कधी नवऱ्याचा काउंट घसरलाय. "एक आहे ना" म्हणून गप्प बसवतात त्यांना, तेवढं ऐकू नका.

डॉक्टरकडे जायच्या आधी घरी करण्यासारखं फार नाही, पण आहे. बाईने फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, प्रयत्न सुरू करतानाच, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकली हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते. सिगारेट दोघांनीही बंद. मांडीवर तापलेला लॅपटॉप आणि कढत पाण्याचा टब पुरुषांनी टाळावा.

आणि जाल तेव्हा दोघं जा, पहिल्या दिवशी. मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, जिमच्या पावडर-इंजेक्शनसकट, लिहून न्या. कुठलाही उपचार सुरू करायच्या आधी हे विचारा की हा किती महिने करून बघायचा आणि नाही झालं तर पुढे काय. 'बघू' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा आणि ती तारीख तिच्या कॅलेंडरबरोबर तुमच्याही कॅलेंडरवर टाका.